चार्ट.जेएस ४ : धरणसाठ्याच्या आडव्या स्टॅक्ड बारसाठी कितपत कामाची?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या दैनिकांत एक ठरलेली चौकट येऊ लागते. गंगापूर, काश्यपी, गौतमी गोदावरी, दारणा, मुकणे, करंजवण, पालखेड, चणकापूर, गिरणा, आणि प्रत्येकापुढे क्षमता, आजचा साठा आणि टक्केवारी, सगळं दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत. ही चौकट सगळा जिल्हा वाचतो. पण वीसेक ओळींच्या आकड्यांतून कोणतं धरण किती भरायचं राहिलंय हे एका नजरेत कळत नाही. त्यासाठी आडवा स्टॅक्ड बार हवा. आठवीच्या गणितातला विभाजित स्तंभालेख आडवा केला की झाला तयार : डावीकडे साठा, त्याला लागून रिकामी क्षमता, दोन्ही मिळून धरणाची पूर्ण उपयुक्त क्षमता.

हे काम वेबपानावर करायला खूप वापरली जाणारी फुकट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, चार्ट.जेएस. इथे तिच्या चौथ्या आवृत्तीचं परीक्षण फक्त या एका कामापुरतं केलं आहे. रेषा, पाय, रडार वगैरे बाजूला ठेवले आहेत. निकाल आधीच सांगतो : पाच ते पंचवीस ओळी आणि दोन ते पाच भाग, एवढ्या मापाच्या मराठी चार्टसाठी ही लायब्ररी खुशाल घ्यावी. मात्र उंची, आकडे, फॉन्ट आणि टूलटिप (बारवर बोट लावल्यावर उघडणारी आकड्यांची चौकट) या चार जागी ती आपलं आपण नीट करत नाही, तिथे हात घालावा लागतो.

एक सूचना आधीच. खाली पर्यायांची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत, सलग आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून लिहायची असतात. एक अक्षर लहान-मोठं झालं तरी लायब्ररी तक्रार करत नाही, तो पर्याय फक्त लागू होत नाही. "लिहिलंय तरी चालत नाही" अशी तक्रार आली की पहिल्यांदा स्पेलिंग बघा.

आडवाच का

उभे बार घेतले तर नावं खाली येतात. त्र्यंबकेश्वर, नांदूरमध्यमेश्वर, गौतमी गोदावरी ही नावं फोनच्या रुंदीत मावत नाहीत, म्हणून लायब्ररी ती ५० अंशांपर्यंत तिरकी करते. तिरक्या शिरोरेषेखालची जोडाक्षरं वाचताना मान वाकडी करावी लागते. आडव्या बारमध्ये नावं डावीकडे सरळ बसतात आणि ओळी वाढल्या तर चार्ट फक्त खाली वाढतो. पंधरा तालुके असोत की वीस धरणं, वाचणाऱ्याचा अंगठा तसाही वर-खालीच फिरतो.

पाया

चार्ट.जेएस २०१३ मध्ये निक डाउनी यांनी सुरू केली. परवाना एमआयटी, म्हणजे दैनिकाच्या संकेतस्थळावर, शेतकरी उत्पादक कंपनीच्या ॲपमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या उत्पादन-रिपोर्टमध्ये पैसे न देता वापरता येते. चौथी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ ची. चित्र कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफळ्यावर, उमटतं. त्याचे फायदे-तोटे पुढे येतीलच.

साध्या पानासाठी यूएमडी फाइल (थेट पानात जोडायची तयार फाइल) एका स्क्रिप्ट टॅगने जोडली की पुरे. ती फाइल बाहेरच्या सीडीएनवरून (अशा फाइल्स पुरवणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून) ओढण्याऐवजी आपल्याच सर्व्हरवर ठेवणं चांगलं. सुरगाणा-पेठकडे रेंज जेमतेम असताना पान उघडतं, सीडीएनची फाइल अडकते आणि चार्टच्या जागी पांढरी पोकळी राहते. बंडलर (कोडचे तुकडे एकत्र बांधणारं साधन) वापरत असाल तर बार कंट्रोलर, बार एलिमेंट, कॅटेगरी स्केल, लिनिअर स्केल, टूलटिप आणि लेजंड (कोणता रंग कशाचा ते सांगणारी सूची) एवढे भाग आयात करून रजिस्टर करायचे. यातला पहिल्या चारांपैकी एखादा राहिला तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये "रजिस्टर्ड नाही" असा स्पष्ट एरर येतो. टूलटिप किंवा लेजंड राहिलं तर एरर येत नाही, ते दिसत नाहीत एवढंच. सुरुवातीला सगळे भाग आपोआप रजिस्टर करणारा "ऑटो" वाला मार्ग घ्या, आकार कमी करायचा विचार नंतर.

आता मांडणी. एक डिव्ह घ्या, त्याला पोझिशन रिलेटिव्ह आणि पिक्सेलमध्ये उंची द्या. त्याच्या पोटात फक्त एक कॅनव्हास, दुसरं काही नाही. कारण लायब्ररी या डिव्हचंच माप घेऊन चित्राचा आकार ठरवते. कॉन्फिगमध्ये टाइप "बार". लेबल्समध्ये धरणांची नावं. डेटासेट, म्हणजे एकेका भागाच्या आकड्यांच्या याद्या, दोन : पहिला "उपयुक्त साठा", दुसरा "रिकामी क्षमता", दोन्हींतले आकडे नावांच्याच क्रमाने. मग ऑप्शन्समध्ये "इंडेक्स ॲक्सिस" ची किंमत "वाय", आणि स्केल्समध्ये एक्स व वाय दोन्हींना "स्टॅक्ड" ट्रू. इतकं केलं की चार्ट उभा राहतो. पहिल्या धरणाचं नाव वर येतं, तक्त्यासारखंच. ही बारीक गोष्ट वाटेल, पण ईचार्ट्स आणि प्लॉटली या दोन्ही लायब्रऱ्या आडव्या बारमध्ये पहिलं नाव तळाला टाकतात आणि क्रम मुद्दाम उलटवावा लागतो.

"स्टॅक्ड" दोन्ही अक्षांवर का, हे नीट समजून घ्या. सर्वांत फसवी चूक इथेच होते. आडव्या चार्टमध्ये एक्सचं स्टॅक्ड "आकडे एकापुढे एक मांडा" असं सांगतं, वायचं स्टॅक्ड "सगळे भाग एकाच ओळीत ठेवा" असं. फक्त एक्स दिलं तर दुसरा भाग पहिल्याच्या टोकापासून सुरू होतो, पण एक पायरी खाली. चार्ट जिन्यासारखा दिसतो, त्यामुळे चूक लगेच कळते. फक्त वाय दिलं तर मात्र दोन्ही भाग शून्यापासून सुरू होऊन एकावर एक बसतात आणि पहिला डेटासेट वर असतो. समजा गंगापूरची उपयुक्त क्षमता ५,६३० दलघफू, आणि साठा ४,५०४, म्हणजे ८० टक्के. रिकामी क्षमता १,१२६ चा भाग साठ्याच्या मागे पूर्ण झाकला जातो. धरण निम्म्याच्या खाली असेल तर उलट, रिकामा भाग मागून थोडा बाहेर डोकावतो. चार्ट सुबक दिसतो आणि चुकीचा असतो. म्हणून कोणताही स्टॅक्ड चार्ट प्रसिद्ध करण्याआधी एका ओळीचं टोक अक्षावर वाचा : गंगापूरची ओळ ५,६३० लाच संपली पाहिजे.

उंची

आपोआप ठरणारी उंची इथे उपयोगाची नाही. लायब्ररी मुळात रुंदीच्या निम्मी उंची घेते. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ती १८० होते, आणि त्यात वीस धरणं कोंबली जातात. नावं एकमेकांवर चढू नयेत म्हणून लायब्ररी मधली काही नावं गाळते. दारणा दिसतं, मुकणे गायब. बार मात्र दोन्हींचे असतात. वाचणाऱ्याला कोणता बार कुणाचा ते कळत नाही.

उपाय तीन. "मेंटेन ॲस्पेक्ट रेशो" फॉल्स करा. डिव्हची उंची ओळींच्या हिशोबाने काढा : ओळी गुणिले ३२, अधिक ९० पिक्सेल लेजंड आणि खालच्या अक्षासाठी. वीस धरणांना ७३० पिक्सेल. आणि वाय अक्षाच्या टिक्समध्ये (अक्षावरच्या खुणांमध्ये) "ऑटो स्किप" फॉल्स, म्हणजे एकही नाव गळणार नाही. ३२ पिक्सेलच्या ओळीत बारची जाडी साधारण २३ पिक्सेल येते, कारण मूळ सेटिंगमध्ये कॅटेगरी पर्सेंटेज ०.८ आणि बार पर्सेंटेज ०.९ असतं, गुणाकार ०.७२. त्या जाडीत १२ च्या आकाराचा आकडा आरामात बसतो. ओळी ३२ ऐवजी २४ पिक्सेलच्या केल्या तर बार १७ वर येतो. तिथे देवनागरीतले वरचे-खालचे मात्रा-उकार दाटी करतात.

उंची टक्क्यांत देऊ नका. वरच्या डिव्हला स्वतःची उंची नसेल तर ते टक्के लागूच होत नाहीत. फ्लेक्सच्या मांडणीत चार्ट रुंद होतो पण खिडकी लहान केल्यावर परत आकसत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. फ्लेक्समधल्या त्या डिव्हला मिन-विड्थ शून्य दिली की सुटतो.

आकडे : इथे चार्ट गुपचूप खोटा होतो

धरणसाठ्याचे किंवा बाजार समितीच्या आवकेचे आकडे बहुधा एक्सेलमधून, कधी पीडीएफमधून, कधी व्हॉट्सॲपवरच्या मजकुरातून येतात. त्यात स्वल्पविराम असतात, कधी देवनागरी अंक असतात. चार्ट.जेएस मजकुरातला आकडा स्वतः संख्येत बदलायचा प्रयत्न करते, पण जावास्क्रिप्टच्या नियमाने. साधा मजकूर चालतो, मागे-पुढे मोकळी जागा असली तरी चालते. स्वल्पविराम असलेला आकडा मात्र संख्या होत नाही, देवनागरी अंकही होत नाहीत. एररही येत नाही. तो भाग चार्टमधून नाहीसा होतो, आणि स्टॅक्ड चार्टमध्ये त्याच्यापुढचे सगळे भाग डावीकडे सरकून त्याची जागा भरतात. त्यामुळे रिकामी जागाही दिसत नाही. कांद्याच्या आवकेत खरिपाचा आकडा असा गळला तर त्या तालुक्यात खरीप कांदा आलाच नाही असं चित्र उभं राहतं.

म्हणून आकडे चार्टला देण्याआधी गाळून घ्या. स्वल्पविराम काढा. देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक २४०६ पासून सलग आहेत, तेव्हा अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की ० ते ९ मिळतात. मग संख्या झाली की नाही ते तपासा, नसेल तर ती ओळ दाखवून थांबा. तिसरा सापळा रिकाम्या खान्याचा. रिकामा मजकूर जावास्क्रिप्टच्या लेखी शून्य असतो. "आज आकडा आला नाही" आणि "धरण कोरडं आहे" या दोन वेगळ्या बातम्या आहेत. न आलेल्या आकड्याला नल ("किंमतच नाही") द्या, बार काढलाच जाणार नाही, आणि नावापुढे "आकडा नाही" असं लिहा.

रिकामी क्षमता वजाबाकीने काढताना साठ्याचा आकडा चुकून क्षमतेपेक्षा मोठा पडला तर उत्तर ऋण येतं. चार्ट.जेएस ऋण भाग शून्याच्या डावीकडे वेगळा रचते. हे चांगलंच आहे : शून्याच्या डावीकडे काही दिसलं की नोंदीत घोळ आहे हे कळतं. तो शून्याने झाकून टाकू नका, आधी आकडा तपासा.

मराठी अंक आणि फॉन्ट

या बाबतीत लायब्ररीचं मनापासून कौतुक करायला हवं. ऑप्शन्समध्ये "लोकेल" ला "एमआर-आयएन" दिलं की खालच्या अक्षावरचे आणि टूलटिपमधले आकडे देवनागरीत येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने बसतात. त्यासाठी एकही ओळ जास्तीची लिहावी लागत नाही. अंक इंग्रजी हवेत पण लाखांची मांडणी हवी असेल तर "ईएन-आयएन". हे न दिल्यास वाचणाऱ्याच्या ब्राउझरची भाषा लागू होते, म्हणजे एकाच पानावर दोघांना दोन प्रकारचे आकडे दिसू शकतात. एक मर्यादा : वाय अक्षावरची लेबलं जशी दिली तशीच येतात. तिथे वर्षं असतील तर ती आधीच देवनागरीत लिहून द्या.

फॉन्टच्या बाबतीत मात्र कॅनव्हासचा तोटा अंगावर येतो. पानावरचा नेहमीचा मजकूर फॉन्ट उशिरा आला तरी आपोआप बदलतो. कॅनव्हासवरचा बदलत नाही, तो त्या क्षणी मिळेल त्या फॉन्टने एकदा उमटतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी मागवलेला असतो, पण चार्ट आधी तयार होतो, नावं फोनच्या मूळ फॉन्टमध्ये येतात आणि त्याच फॉन्टच्या मापाने डावीकडची जागा ठरते. मग बोट लागून चार्ट पुन्हा उमटला की फॉन्ट अचानक बदलतो आणि लांब नावांची सुरुवात कापली जाते.

तेव्हा आधी फॉन्ट, मग चार्ट. ब्राउझरच्या डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड या फंक्शनने फॉन्ट मागवायचा, तो आल्यावरच चार्ट बनवायचा. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. गूगल फॉन्ट्स एकाच फॉन्टच्या रोमन आणि देवनागरी अशा वेगवेगळ्या फाइल्स देतं, आणि पानावर जी अक्षरं लागतील तेवढीच फाइल उतरते. लोड फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर ते फक्त मोकळ्या जागेचं अक्षर धरून चालतं. उतरते ती रोमन फाइल, देवनागरी तशीच राहते, आणि फंक्शन मात्र काम झाल्याचं सांगतं. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून "गंगापूर" असा एखादा मराठी शब्द द्या. चार्टचं शीर्षक आणि टूलटिपचा मथळा ठळक वजनात असतो, म्हणून ४०० आणि ७०० दोन्ही वजनं मागवा. शेवटी चार्ट.डिफॉल्ट्स.फॉन्ट.फॅमिलीमध्ये फॉन्टचं नाव घाला. चित्र सर्व्हरवर तयार करत असाल तर तिथे देवनागरी फॉन्ट मुळातच बसवलेला असावा लागतो, नाहीतर नावांच्या जागी चौकोन येतात.

टूलटिप

मूळ सेटिंगमध्ये बोट ज्या भागावर पडेल त्याचाच आकडा दिसतो. फोनवर पाच टक्क्यांचा तुकडा बोटाखाली सापडतच नाही. इंटरॅक्शनमध्ये मोड "इंडेक्स", ॲक्सिस "वाय" आणि इंटरसेक्ट फॉल्स असे तिन्ही द्या. मग ओळीत कुठेही बोट लावलं तरी त्या धरणाचे सगळे भाग एकत्र दिसतात. ॲक्सिस "वाय" विसरलात तर लायब्ररी आडव्या दिशेने जवळचं शोधते आणि बोट दारण्यावर असताना भलत्याच धरणाचे आकडे दाखवू शकते.

"दलघफू" जोडण्यासाठी लेबलचा कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने बोलवायचं आपलं फंक्शन, लिहावा लागतो. नेटवरची बहुतेक उदाहरणं उभ्या चार्टची असतात आणि त्यात पार्स्ड.वाय वापरलेलं असतं. आडव्या चार्टमध्ये आकडा पार्स्ड.एक्समध्ये असतो, वायमध्ये ओळीचा क्रमांक. टूलटिपमध्ये "३ दलघफू", "४ दलघफू" असे चमत्कारिक आकडे दिसले तर कारण हेच. असाच प्रकार वाय अक्षाच्या टिक्सच्या कॉलबॅकचा : तिथेही नाव मिळत नाही, क्रमांक मिळतो. नाव हवं तर गेट लेबल फॉर व्हॅल्यू या पद्धतीने घ्यायचं, आणि त्यासाठी कॉलबॅक ॲरो फंक्शन नको, साधं फंक्शन हवं, कारण ॲरोमध्ये "धिस" अक्षाकडे बोट दाखवत नाही.

दलघफू की टक्के

गिरणेची उपयुक्त क्षमता १८,५०० दलघफू, नांदूरमध्यमेश्वरची २५७. दोन्ही एकाच अक्षावर घेतली तर ६०० पिक्सेलच्या चित्रात नांदूरमध्यमेश्वरच्या वाट्याला जेमतेम ८ पिक्सेल येतात. त्यात साठा किती आणि रिकामं किती हे कुणालाही दिसणार नाही. "मिन बार लेंग्थ" देऊन लहान तुकडे ताणायचा मोह टाळा, स्टॅकमध्ये त्याने बेरीज खोटी दिसते. लॉग अक्षही स्टॅकला चालत नाही, त्यात भागांच्या लांब्यांना अर्थच राहत नाही.

अशा वेळी शतमान स्तंभालेख, म्हणजे प्रत्येक ओळ शंभर टक्क्यांची. चार्ट.जेएसमध्ये तो तयार मिळत नाही, हा तिचा ढळढळीत कमीपणा. हायचार्ट्समध्ये स्टॅकिंगला "पर्सेंट" म्हटलं की झालं, गूगल चार्ट्समध्येही तसंच. इथे स्टॅक्ड-१०० नावाचा वेगळा प्लगइन (लायब्ररीला लावायचा जोड-कोड) जोडा किंवा टक्के स्वतः काढा. स्वतः काढणं अवघड नाही, फक्त एक्स अक्षाला मॅक्स १०० द्यायला विसरू नका. दशांशांच्या बेरजेत अगदी सूक्ष्म फरक राहतो, बेरीज शंभरच्या किंचित वर गेली की अक्ष १२० पर्यंत पळतो आणि सगळी धरणं अर्धवट भरल्यासारखी दिसतात. टक्क्यांच्या चार्टमध्ये गिरणा आणि नांदूरमध्यमेश्वर सारख्याच लांबीचे दिसतात. म्हणून नावापुढेच क्षमता लिहा : "गिरणा, १८,५००". लेबलला मजकुराऐवजी दोन तुकड्यांची यादी दिली तर ती दोन ओळींत येते. तेव्हा ओळीची उंची ३२ ऐवजी ४० धरा.

आकडे बारवर, एकूण टोकाला

यासाठी डेटालेबल्स प्लगइन लागतो. फाइल जोडून भागत नाही, तो रजिस्टर करावा लागतो. तो सगळ्या तुकड्यांवर आकडे छापतो, म्हणून डिस्प्लेच्या कॉलबॅकमध्ये सात-आठ टक्क्यांखालच्या तुकड्यांचे आकडे बंद करा, नाहीतर शेजारचे आकडे एकमेकांत घुसतात. एकूण बेरीज टोकाला दाखवायची तर शेवटच्या डेटासेटचं लेबल बाहेर ढकलून त्यात बेरीज छापतात. ते कापलं जाऊ नये म्हणून एक्स अक्षाला "ग्रेस", म्हणजे टोकापलीकडची मोकळी जागा, पाच-सहा टक्के द्या. लेजंडवर टिचकी मारून कुणी तो शेवटचा डेटासेट लपवला तर बेरीजही जाते. ज्या चार्टमध्ये बेरीज महत्त्वाची आहे तिथे लेजंडची टिचकी बंद केलेली बरी.

भाग किती, कोणते आधी

स्टॅक्ड बारमध्ये फक्त पहिला भाग सगळ्या ओळींत एकाच रेषेपासून सुरू होतो. बाकीच्यांची तुलना डोळ्यांना जड जाते. पंधरा तालुक्यांची कांद्याची आवक खरीप, लेट खरीप आणि उन्हाळ अशी मांडायची असेल आणि प्रश्न चाळीत टिकणाऱ्या कांद्याचा असेल तर उन्हाळ पहिला डेटासेट करा. हंगामाचा क्रम मोडला तरी चालेल. पाचाहून जास्त भाग झाले तर लहान भाग "इतर" मध्ये घाला. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, रंगांधळेपण असलेल्या अनेकांना ते वेगळे दिसत नाहीत. भागांमध्ये एक पिक्सेलची पांढरी कड असली की छपाईतही हद्द कळते. साठ्याला गडद निळा आणि रिकाम्या क्षमतेला फिका राखाडी ही जोडी कृष्णधवल प्रिंटमध्येही टिकते.

गेल्या वर्षीचा आजचा दिवस शेजारी हवा असेल तर प्रत्येक डेटासेटला "स्टॅक" म्हणून वर्षाचं नाव द्या. एका धरणाच्या ओळीत दोन बारीक बार येतात, दोन्ही आपापल्या जागी रचलेले. ही सोय फार सुरेख चालते. उंचीचा हिशोब मात्र दुप्पट.

चित्र बाहेर काढताना

टू-बेस-६४-इमेज या फंक्शनने पीएनजी मिळते. चार्ट बनवल्या बनवल्या ते बोलावलं तर ॲनिमेशन सुरूच असतं आणि चित्रात बार नसतात. ॲनिमेशन फॉल्स करा किंवा पूर्ण झाल्यावर बोलावा. पार्श्वभूमी पारदर्शक असते, जेपीईजी केलं की ती काळी होते आणि काळ्यावर गडद राखाडी नावं वाचता येत नाहीत. आधी पांढरा रंग भरणारा चार ओळींचा प्लगइन बिफोर-ड्रॉमध्ये लिहावा लागतो. छपाईसाठी "डिव्हाइस पिक्सेल रेशो" ३ करा, नाहीतर शिरोरेषा फुटकी दिसते.

रोज नवे आकडे येत असतील तर त्याच चार्टचा डेटा बदलून अपडेट बोलवा. त्याच कॅनव्हासवर नवा चार्ट बनवायला गेलात तर "कॅनव्हास आधीच वापरात आहे" असा एरर येतो. नवाच हवा असेल तर आधी जुना डिस्ट्रॉय करा.

जुना कोड

शोधून सापडलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला कोड बऱ्याचदा दुसऱ्या आवृत्तीचा निघतो. टाइप "हॉरिझाँटल बार" दिसलं की ओळखावं. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो प्रकारच काढून टाकला आहे, त्याने एरर येतो. स्केल्समध्ये "एक्स ॲक्सेस" नावाची यादी दिसली तर तीही जुनी. तिच्यामुळे कन्सोलमध्ये एक ओळ येते आणि चार्ट तयार होतो, पण स्टॅक न होता, आणि कन्सोल न उघडणाऱ्याला कारण सापडत नाही.

दुसऱ्या लायब्रऱ्या

हायचार्ट्स या कामात सर्वांत तयार आहे, पण व्यावसायिक वापराला परवाना विकत घ्यावा लागतो. शिवाय तिच्या आडव्या बारमध्ये पहिली सिरीज स्टॅकच्या उजव्या टोकाला जाते, लेजंड उलटवावा लागतो. गूगल चार्ट्स गूगलच्या सर्व्हरवरूनच चालते, इंटरनेट नसलेल्या ऑफिसात बंद. ईचार्ट्स फुकट आहे, कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या एसव्हीजीमध्येही काढते, म्हणून शंभरेक ओळी आणि झूम लागणाऱ्या डॅशबोर्डला ती जास्त बरी. स्टॅकसाठी मात्र प्रत्येक सिरीजला एकच स्टॅक-नाव द्यायचं असतं, आणि एकीत राहिलं तर ती वेगळी पडते. डी३ ने काहीही काढता येतं, पण अक्ष, लेजंड, टूलटिप सगळं हाताने. एका चौकटीसाठी तेवढी मेहनत परवडत नाही.

कॅनव्हासवरचं चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी कॅनव्हासला रोल "आयएमजी" आणि एरिया-लेबलमध्ये एक पूर्ण वाक्य द्या, आणि चार्टच्या खाली आकड्यांचा साधा तक्ता ठेवा. तो तक्ता चार्टला दिलेल्याच आकड्यांवरून बनवलात तर चार्टमधला गळलेला भाग तिथेही रिकामा दिसतो, आणि पान प्रसिद्ध करणाऱ्याच्या नजरेत आधी येतो.